ताईला देवळं दाखवली

सोमवार, २ डिसेंबर

पोचलो एकदाचे. गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर लागली. बस डेपोत उभी हयात घालवलेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख कशात असणार? ताई खिडकीला नाक लावून बसली होती. "अगं, टेक की जरा," म्हटलं तर म्हणाली, "झोप काय, घरी होतेच. आता बघू दे."

खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, मधे पडदा, खिडकीतून अख्खी गल्ली दिसते आणि गल्लीच्या टोकाला मोठ्या देवळाचा कळस. मालकीणबाई जाड भिंगाच्या चष्म्यातून माणसाला वाचतात आणि मग बोलतात. मला बघून त्या "नळ नीट बंद करत जा" एवढंच म्हणाल्या. ताईला मात्र मागचा लोखंडी जिनासुद्धा दाखवला. आग लागली तर इकडून उतरायचं, म्हणे. ताईनं तो दोनदा उतरून पाहिला. तिचं सगळं नवलाचंच.

तिला वाटतंय आपण देवळं बघायला आलोय. तसं सांगूनच आणलंय. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलाही नाही. आमच्या डेपोतला एक ड्रायव्हर कच्च्या नजरेचा नाही, चांगला पारखी माणूस आहे. तो सहलीची गाडी घेऊन इथे आला होता आणि शपथेवर सांगतोय की त्यानं इथे भाऊजींना पाहिलं. ताईच्या नवऱ्याला.

चार वर्षं झाली. ताई माळ्यावरून पडली, बरगड्या मोडल्या, दवाखान्यात बेशुद्ध होती आणि त्याच गोंधळात भाऊजी घरातून गेले ते गेलेच. हळवा माणूस. बायकोची ती दशा बघवली नसणार. मी पोरका झालो तेव्हा मला पोहायला, हिशोब करायला, दाढी करायला भाऊजींनी शिकवलं. डेपोत चिकटवलं तेही त्यांनीच. आता माझी पाळी.

ताईला आधी सांगून आशा लावायची आणि ते सापडले नाहीत तर? त्यापेक्षा सापडले की एकदम समोर उभं करायचं.

मंगळवार, ३ डिसेंबर

दोन देवळं झाली. पाय गेले. माझे. ताईचे नाही.

ताई देऊळ बघते म्हणजे काय करते? खांबाला हात लावून उभी राहते. वर बघते. मग तोच खांब पलीकडून बघते. मी म्हटलं, "ताई, सगळे खांब सारखेच आहेत." तर म्हणाली, "तुला सारखे दिसतात." दुसऱ्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून तिनं एकामागून एक दोन आइस्क्रीम खाल्ली आणि हनुवटीवर ओघळलेलं बोटानं पुसून बोट चाटलं. या वयात! अनोळखी बायकांशी आपणहून बोलत होती. काळा गॉगल विकत घेतला. एकूण स्वारी खुशीत.

ती गॉगल निवडत होती तेव्हा मी दोघातिघा वाटाड्यांना भाऊजींचं वर्णन सांगून विचारलं. उंच, कपाळ मोठं, आवाज असा की ऐकत राहावं. एकजण म्हणाला, असा आवाजवाला एक आहे खरा, पण त्याची जागा ठरलेली नसते.

ताईच्या उजव्या बाजूनं चालावं लागतं, नाहीतर तिला ऐकू येत नाही. डावा कान कामातून गेलाय. लहानपणी पोहताना पाणी गेलं, असं सांगते. मला काही आठवत नाही. आणि ताईला पोहता कधी येत होतं?

बुधवार, ४ डिसेंबर

आज जरा फजिती झाली. देवळाच्या आवारात एक फोटोवाला आहे. ताईला म्हटलं, काढून घे एक. ती सज्ज्याखाली उभी राहिली. फोटोवाल्यानं "बाई, थोडं इकडे" म्हणून हात झटकन वर केला, तर ताईनं दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली आणि मटकन खाली बसली. आजूबाजूचे हसले. मीही हसलो. तो बिचारा ओशाळला. ताई उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "काढा आता." फोटो चांगला आलाय.

भित्री झालीय अलीकडे. लहानपणी झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसायची आणि मी खाली रडत उभा असायचो.

संध्याकाळी खोलीवर चहा पिताना मी सहज विषय काढला. म्हटलं, "ताई, भाऊजींची आठवण येत असेल ना इथे? त्यांना असल्या जुन्या गोष्टींचा भारी नाद."

तिनं कप खाली ठेवला. "तुला एक सांगू? मागच्या आठवड्यात माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं. मी तशीच खाल्ली आणि हसत बसले. कितीतरी वेळ."

आता यात हसण्यासारखं काय होतं? एकटेपणानं माणूस असं काहीबाही बोलायला लागतं. तिला घडीभर सोबत हवी आहे, हे कुणाला दिसत नसलं तरी मला दिसतं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

काय लिहू आणि कुठून लिहू.

सकाळी ताईचा पाय दुखत होता, म्हणून ती खोलीवर थांबली. मी एकटाच मोठ्या देवळात गेलो. मागच्या बाजूला, जिथे एका भिंतीवर देव आणि देवी शेजारी शेजारी कोरलेत, तिथे पाहुण्यांचा घोळका होता. आणि आवाज आला.

"बघा, देवानं तिचं मनगट कसं धरलंय. एका दगडात दोन हात, पण बोटं रुतलेली दिसतायत का कुठे? धरलंय, पण धरून ठेवलेलं नाही. याला म्हणायचं संसार."

बायका माना डोलवत होत्या. एकीनं डोळे पुसले. मीही पुसले. भाऊजीच! केस पांढरे झालेत, गळ्यात वाटाड्याचा बिल्ला, बाकी तेच. घोळका पांगेपर्यंत मी खांबाआड थांबलो, मग पुढे झालो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"छोटे सरकार?" मला ते लहानपणापासून हेच म्हणतात. मग पहिला प्रश्न काय, तर, "ती... आहे?"

"आहे की! ठणठणीत आहे. इथेच आली आहे माझ्याबरोबर."

ते कट्ट्यावर बसले.  "काय सांगितलं तिनं?"

"कुणाला?"

"कुणालाही. दवाखान्यात. पोलिसांना. तुला."

"काय सांगणार? माळ्यावरून पाय घसरला म्हणून. भाऊजी, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत."

मग ते रडले. मोठा माणूस ओक्साबोक्शी रडताना बघवत नाही. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुझी बहीण देवी आहे रे." मी म्हटलं, चला, आत्ताच चला. तर म्हणाले, असा घामेजलेला नको, कपडे बदलून येतो.

तेवढ्यात मी घरी हिला फोन लावला. आनंद पोटात मावेना. सगळं सांगितलं.  

"ताईंना सांगितलंत?" हिनं विचारलं.

"अगं, तीच तर गंमत आहे! खोलीवर बसलीय, काही पत्ता नाही तिला. भाऊजी आवरून आले की घेऊनच जातो."

"अहो, तुम्ही..." म्हणाली, आणि मग, "बरं. ठेवते."

ठेवते! एवढी आनंदाची बातमी आणि बाईसाहेबांचं चुलीवर दूध उतू चाललंय अशातली गत. असो.

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. वाटेत त्यांनी ताईसाठी फुलं घेतली. जिना चढताना मी पुढे, ते मागे. दार ढकललं. खोली रिकामी. खाटेवर चादर नीट घडी घातलेली. पिशवी नाही, गॉगल नाही. माझा डबा तेवढा झाकून ठेवलेला.

मालकीणबाई खाली हिशोब करत होत्या. "गेल्या."

"कुठे गेल्या?"

"मला सांगून जायला मी काय त्यांची आई?" असं म्हणून त्यांनी चष्म्यातून आधी भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही सख्खे भाऊ ना?"

हा काय प्रश्न झाला?

शनिवार, ७ डिसेंबर

ताईचा फोन बंद. स्टेशनवर, बसच्या थांब्यावर, सगळ्या देवळांत फिरलो. हिला विचारलं तर म्हणते, "मला काय माहीत," आणि आवाज असा की जणू मीच काही चोरलंय.

भाऊजी माझ्याच खोलीत राहिलेत. ताईच्या खाटेवर झोपले. सकाळपर्यंत ठीक होते. दुपारी त्यांना खाटेखाली ताईची एक शाल सापडली. घाईत राहिली असणार. त्यांनी ती उचलली, वास घेतला, आणि शांतपणे, अगदी शांतपणे, मधोमध फाडली. मग तिचे आणखी दोन तुकडे केले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. फाडून झाल्यावर घड्या घालून उशाशी ठेवल्या.

मी म्हटलं, "भाऊजी, हे काय?"

"काही नाही रे. जुनी होती."

नंतर मालकीणबाई पाणी घेऊन वर आल्या, तेव्हा भाऊजींनी त्यांना गोड आवाजात विचारलं, "बाई, ती कुठल्या गाडीनं गेली, आठवतंय का?" त्या नाही म्हणाल्या. भाऊजी हसले आणि त्यांनी बाईंचं मनगट धरलं. मी समोरच होतो. तांब्या खाली पडला. मालकीणबाई फटकळ बाई, पण एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. मनगटाभोवतीची कातडी पांढरी पडत चाललेली मला दिसत होती. मी "भाऊजी, सोडा" म्हटलं तेव्हा त्यांनी सोडलं, आणि फरशीवरचं पाणी स्वतः पुसलं.

संध्याकाळी खिडकीत बसून म्हणाले, "तिची ही खोडच आहे. मागच्या वेळीही अशीच. माळ्यावर जाऊन बसली होती. शिडी वर ओढून घ्यायला बघत होती. मी खालून हलवली, एवढंच. पडायचं काही कारण नव्हतं. तू घरचा आहेस, तुला म्हणून सांगतो. तू समजून घेशील."

मी म्हटलं, "चहा घेता का?"

 खाली जाऊन चहा आणला.  रागाच्या भरात माणसाकडून होतं काहीतरी, असं मी जिन्यात मनाशी म्हणून पाहिलं. दोनदा म्हणून पाहिलं.

रविवार, ८ डिसेंबर

तळ्याकाठी लहान देवळांचा पुंजका आहे, तिथून बाहेरगावच्या बसेस सुटतात. भाऊजींना कुणा रिक्षावाल्यानं सांगितलं की गॉगलवाली एक बाई तिकडे दिसली. म्हणाले, चल. मी गेलो. त्यांना एकट्याला जाऊ देववेना. निदान माझ्या नजरेसमोर राहतील, एवढाच विचार.

ऊन चढलं होतं. सहलीला आलेल्या बायकांची एक बस उभी होती, बायका चढत होत्या. ताई त्यांच्यात होती. गॉगल कपाळावर, हातात पिशवी, शेजारची बाई तिला काहीतरी सांगत होती आणि ती उजवा कान पुढे करून ऐकत होती.

तिनं मान वळवली आणि मला पाहिलं. माझ्या खांद्यावर भाऊजींचा हात होता. ते माझ्याशी बोलत दुसरीकडे बघत होते.

ताईचा चेहरा मी लिहू शकत नाही. मी तिला हाक मारेन याची ती वाट बघत होती, एवढं मला कळलं. पळायचंसुद्धा तिला सुचलं नाही. कोपरं वर घेतली नाहीत, खाली बसली नाही. नुसती उभी राहिली, जशा काल मालकीणबाई उभ्या राहिल्या होत्या.

मी तिच्याकडे पाठ केली. भाऊजींच्या कमरेला हात घालून त्यांना समोरच्या देवळाकडे वळवलं आणि म्हटलं, "भाऊजी, हे वरचं काय आहे हो? ही हत्तींची रांग?"

"आत्ता कुठलं हे?"

"सांगा ना. तुमच्यासारखं कुणी सांगत नाही."

आणि ते सांगायला लागले. हत्ती, मग घोडे, मग त्यावरची वेल, कुठल्या राजानं बांधलं, किती पिढ्या घडवत होत्या. मी हं हं म्हणत होतो. आयुष्यात कधी कुठली गोष्ट इतक्या लक्षपूर्वक ऐकली नसेल आणि एक अक्षर कळलं नाही. पाठीमागे दार आपटलं. इंजिन सुरू झालं. गिअर पडला. डेपोतला माणूस मी, बस किती लांब गेली ते मला न बघता कळतं. वळण घेऊन चढाला लागेपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

ताईनं माझी पाठ पाहिली असेल. तिला काय वाटलं असेल? मी पाहिलंच नाही, असं? की पाहिलं आणि आता त्याला हळूच सांगतोय, असं? हात हलवता आला असता तर. पण कसा हलवणार?

मग मी म्हटलं, "भाऊजी, पोलिसांत जाऊ. ताई हरवल्याची तक्रार देऊ. तुम्ही नवरा, तुमचीच सही लागेल."

"पोलीस कशाला?"

"बाई हरवलीय. चला."

चौकीच्या कोपऱ्यापर्यंत ते माझ्याबरोबर आले. "सिगरेट घेऊन आलोच," म्हणाले आणि टपरीकडे गेले. ते सिगरेट ओढत नाहीत. मी बघत उभा राहिलो. टपरीशी थांबले नाहीत, पुढच्या बोळात वळले. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का? 

चौकीत एकटाच गेलो. शिडीचं सांगितलं. अधिकारी भला होता, लिहून घेतलं. म्हणाला, "बहिणीला आणा. त्यांनी सांगितल्याशिवाय पुढे काही होणार नाही."

मालकीणबाईंचा हिशोब चुकता करायला गेलो तर त्यांनी पट्टी बांधलेला हात पाठीमागे लपवला. मी माफी मागितली. "माझं राहू द्या हो," म्हणाल्या. "जाताना नळ बंद करा."

बुधवार, ११ डिसेंबर

घरी आलो.  हिनं जेवायला वाढलं, मी ताट पुढे सरकवलं आणि सगळं सांगितलं. शाल, मनगट, शिडी, बस. ही ऐकत होती. तोंडावर आश्चर्य नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"ताई दवाखान्यात होत्या तेव्हा मीच होते ना उशाशी. कानाचं, बरगड्यांचं, सगळं सांगितलं त्यांनी."

"आणि शुक्रवारी फोन..."

"तुमचा ठेवला आणि त्यांना लावला."

"मला का नाही कधी सांगितलंस?"

"त्यांनी बजावलं होतं. म्हणाल्या, त्याला आईबाप आठवत नाहीत. जे आहेत ते त्याचे भाऊजीच. त्याचं तेवढं राहू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही खरं मानलं असतं?"

 

हिनं ताट उचललं. दारात थांबून म्हणाली, "ताई बऱ्या आहेत. दोन दिवस त्या सहलीतल्या बायकांच्या मुक्कामावर लपून होत्या. पोचल्या. तळ्यापाशी तुम्ही दिसलात, म्हणत होत्या. मी काही बोलले नाही, मला कुठे माहीत होतं तेव्हा. तुम्ही पाठ का केलीत ते आता सांगेन. कुठे आहेत ते तुम्हाला हवं असेल तर..."

"नको," मी म्हटलं. "मला सांगू नकोस. कधीच सांगू नकोस."

"अहो, पण तुमची बहीण आहे."

"म्हणूनच."

शनिवार, २१ डिसेंबर

आज डेपोत फोन आला. ऑफिसच्या फोनवर. पोऱ्यानं नाही, मीच उचलला. मागे गाड्यांचा गोंगाट, आणि तरीही तो आवाज स्वच्छ.

"छोटे सरकार."

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी! जेवलात का?"

इतकं सहज. शाल, मनगट, शिडी, सगळं माहीत असून. हात कपाळाला लावून उभा राहिलो. ते पलीकडे हसले, मायेनं, अगदी पूर्वीसारखे. थंडी कशी आहे, हिची तब्येत कशी आहे, गुडघा दुखतो का अजून, सगळं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग हळूच म्हणाले, "ती कुठे आहे रे? एकदा माफी मागतो आणि जातो. तुझ्याशी मी कधी खोटं बोललोय?"

 ठाऊक असतं तर मी सांगून बसलो असतो. असं लिहायला हात धजत नाही, पण सांगितलं असतं.

"मला माहीत नाही, भाऊजी," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच."

 मग त्यांनी फोन ठेवला. मी खुर्चीत बसलो, फोनवर उमटलेला नंबर कागदावर उतरवला आणि त्या चौकीतल्या अधिकाऱ्याला कळवला. मग दुपारच्या गाड्या सोडल्या. सगळ्या वेळेवर सुटल्या. घरी आलो, तर ही फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होती. मला बघून ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी बाहेरच बसलो.